चोरचोळीचे मामा

गाडेकर सरांना पेशंटशी गोड बोलता यायचं नाही, हे आधीच सांगून टाकते. गेलेल्या माणसाबद्दल लिहायला बसलं की जो तो देवमाणूस होतो. सर देवमाणूस नव्हते. लई हट्टी होते, आणि माझं त्यांच्याशी आठवड्यातून दोनदा तरी वाजायचंच.

ते हाडांचे डॉक्टर. छावणीला लागून आमचा एक ट्रस्टचा लहानसा दवाखाना होता, तिथं हाडांच्या वॉर्डाची मी सिस्टर. माझं नाव साळवे, माहेर जालन्याचं. राउंडला आले की सर पेशंटला ‘कसं वाटतंय’ असं कधी विचारायचे नाहीत. सरळ पांघरूण बाजूला करायचे आणि म्हणायचे, बोटं हलवा. बोटं हलली की पुढची खाट. नातेवाईक मागं मागं यायचे, डाक्टरसाहेब, काळजीचं काय नाय ना? त्यावर यांचं ठरलेलं उत्तर, काळजी माझ्याकडं राहू द्या, तुम्ही दूध आणा. दूध म्हणजे पेशंटला प्यायला. एकानं खरंच सरांच्या घरी दोन लिटर दूध नेऊन दिलं, तर ते परत वॉर्डात पाठवलं आणि मला म्हणाले, सगळ्यांना अर्धा अर्धा पेला द्या, आणि त्या शहाण्याला सांगा, मोडलेलं हाड माझं नाही.

मूळचे कन्नडकडचे, शेतकरी घरातले. पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं तेव्हा ते चौथीत होते, तोवरची शाळा सगळी उर्दूत. पुढं मराठीत शिकले, डॉक्टरी इंग्रजीत केली, पण स्वतःपुरतं काही टिपायचं असलं की हात आपोआप उजवीकडून डावीकडं चालायचा. केसपेपरच्या कोपऱ्यात बारीक उर्दूत काहीबाही लिहून ठेवायचे. आम्हाला कुणाला ते वाचता येईना. मला राहवेना. एक दिवस स्वयंपाकघरातल्या चाँदबीला बोलावलं आणि वाचायला लावलं. तिनं कागद लांब धरला, डोळे बारीक केले आणि म्हणाली, “सिस्टर सुनती नै, बोलके लिखे.” मी तो कागद तसाच सरांपुढं ठेवला. ते म्हणाले, खोटं आहे का? त्यानंतर दोन दिवस मी त्यांना फक्त हो आणि नाही एवढंच बोलले. त्यांच्या ते ध्यानातही आलं नाही.

गावाकडं हाडं बसवणारे लोक असायचे. बांबूच्या कामट्या लावून, वर अंडं-हळदीचा लेप देऊन ते पाय बांधायचे. दुसरे डॉक्टर असलं काही दिसलं की पेशंटवर खेकसायचे. सर आधी ते बांधणं फिरवून फिरवून बघायचे. “बांधलंय चांगलं, हाड मात्र बाजूला राहिलं,” असं एकदा म्हणाले होते. कामट्या फेकू द्यायचे नाहीत, पेशंटच्या खाटेखाली ठेवायला लावायचे. म्हणायचे, त्याच्या माणसांनी जिवापाड धडपड करून बांधल्यात, त्यांच्यासमोर कचऱ्यात कशाला टाकता.

पण ज्यासाठी मी लिहायला बसले ती गोष्ट वेगळी आहे.

आमच्या वॉर्डात एक सून दाखल झाली होती. नवरा चिकलठाण्याच्या कारखान्यात. जालना रोडवर स्कूटरवरून पडली, मांडीचं हाड मोडलं, आणि पोटात सहा महिन्यांचं. सगळ्यांनीच हात आखडते घेतले. एक्स-रेचा फोटो काढायचा नाही, किरणं पोराला लागतील. ऑपरेशन नको, भूल सोसायची नाही. पायाला वजन लटकवून ठेवू, बाळंत झाली की बघू. सरांचं मन ऑपरेशनकडं होतं. घरचे नको म्हणाले, वडीलधारे डॉक्टर नको म्हणाले, तेव्हा सरांनीही वजनच लटकवलं. पाचव्या आठवड्यात एका सकाळी ती वेणी घालायला म्हणून जरा उठून बसली, दम लागला म्हणाली, आणि दहा मिनिटांत गेली. पडून पडून पायात रक्ताची गाठ झाली होती, ती छातीत गेली. पोरही गेलं. मी तिथंच होते. तिचा कंगवा केसात तसाच होता.

त्यापुढं सर कुठून कुठून पुस्तकं मागवून वाचायला लागले. शिशाचा एक जुना एप्रन मिळवून तो कापून पोटापुरता करून घेतला. फोटो काढताना पोटावर टाकायला. आमच्याकडं आठवड्यातून दोनदा बाळंतपणाच्या डॉक्टर, देशमुखबाई, यायच्या. त्यांच्याकडून लाकडी नळीनं पोटातल्या बाळाचे ठोके ऐकायला शिकले. हाडांचा डॉक्टर पोटाला नळी लावून बसतो म्हणून आम्ही मागं हसायचो. हसले मीसुद्धा, खोटं कशाला बोलू.

त्यानंतर दीडेक वर्षानं गिरजा आली. कन्नडच्या घाटाकडची, मेंढरं राखणाऱ्या घरातली, असेल एकोणीस-वीस वर्षांची. शेरडांना पाला तोडायला खडकावर चढली आणि घसरली. मांडी मधोमध मोडलेली. जीपमध्ये आडवी घालून आणली होती. सोबत सासू ठकूबाई, नवरा, चुलत सासरा आणि जीपवाला.

आता माझी चूक सांगते. केसपेपर भरायचं काम माझं. बाईमाणसाला विचारायचं असतं ते मी विचारलं, पण माझ्या पद्धतीनं, उभ्या उभ्या, खणखणीत आवाजात. “दिवस गेलेत का?” चारी माणसं तिथंच. पोरीनं सासूकडं बघितलं आणि मान हलवली, नाही. मी लिहिलं, नाही. फोटो काढला गेला, पोटावर काहीही न टाकता. पायाला वजन लावलं आणि मी माझ्या कामाला लागले.

दुसऱ्या दिवशी राउंडला सर तिच्या खाटेशी थांबले. बोटं हलवायला लावली, बोटं हलली, तरी पुढं जाईनात. मला बाजूला घेऊन म्हणाले, मांडी मोडलेल्या माणसाचा हात मांडीवर जातो. हिचा हात बघा कुठं आहे. बघितलं तर दोन्ही हात ओटीपोटावर, पदराखाली. सरांनी नवऱ्याला आणि चुलत सासऱ्याला मोसंबी आणायला पिटाळलं आणि ठकूबाईपुढं जमिनीवर उकिडवे बसले. म्हणाले, “आत्याबाई, चोरचोळी झाली का पोरीची?”

म्हातारीनं इकडं तिकडं बघितलं. मग हळूच म्हणाली, नाय अजून.

पाचवा महिना सरत आला होता. आधीची दोन पोटं तिसऱ्या महिन्यातच पडलेली. तेव्हा ठकूबाईनं ठरवलं होतं, की चोरचोळी होईपर्यंत ही गोष्ट घराच्या बाहेर जाऊ द्यायची नाही. चोरचोळी म्हणजे माहेरचं कुणीतरी येऊन, गाजावाजा न करता, पोरीला हिरवी चोळी-बांगड्या करतं आणि ओटी भरतं. त्यानंतर मग लोकांत सांगायला मोकळीक. पण गिरजाची आई मेंढरांच्या फिरत्या वाड्यासोबत लांब गोदाकाठी गेलेली. ती येणार कधी, चोळी होणार कधी, म्हणून सगळं अडलेलं. “आमच्यात चोळीबिगर तोंडातून काढीत नाय डाक्टर,” ठकूबाई म्हणाली, “आन ह्या बाईनं तर जीपवाल्याम्होरं इचारलं.”

मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. वाटलं, आता सर मला फाडून खातात. बाहेर आल्यावर ते म्हणाले, “सिस्टर, तुमच्या जाऊबाईंना दिवस गेले, तुम्हाला कितव्या महिन्यात कळलं?”

मी म्हटलं, चौथ्या.

“एका घरात राहून चौथ्या. आणि हिनं तुम्हाला पहिल्या भेटीत सांगावं?”

बस, एवढंच. त्या दिवसापासून आमच्या वॉर्डाची रीतच बदलली. बाईमाणूस आलं की पुरुषांना काहीतरी आणायला पाठवायचं, पडदा ओढायचा, शेजारी बसायचं आणि आधी चोरचोळीचं विचारायचं. पुढं मी नव्या पोरींना हेच शिकवलं, जणू माझ्याच डोक्यातून निघालं होतं.

देशमुखबाईंनी तपासलं. बाळाचे ठोके लागत होते. पोट मऊ, रक्त कुठं नाही. पडण्यानं पोराला इजा नव्हती. पण फोटो निघाला होता, तो कसा परत घेणार? दवाखान्यातले एक वडीलधारे डॉक्टर म्हणाले, गाडेकर, फोटो झालाय, पुढं भूल द्यावी लागणार. उद्या पोर अधू निघालं तर हेच लोक दारात बसतील. आधी पोट मोकळं करा, मग निवांत हाड बसवा. हे चुलत सासऱ्याच्या कानावर गेलं. गावच्या कंपाउंडरनं त्याला सांगूनच ठेवलं होतं, की फोटोच्या किरणांनी पोर आंधळं होतं. तो म्हणाला, नाहीतरी पाडायचंच, तर मग पोरीला घरी नेतो, आमचा माणूस पाय बांधून देईल. नवरा कधी याच्याकडं बघे, कधी त्याच्याकडं. गिरजा भिंतीकडं तोंड करून पडली होती. तिला कुणी विचारतच नव्हतं.

सरांनी विचारलं. खाटेशी स्टूल ओढलं आणि म्हणाले, तुला काय पाहिजे? ती म्हणाली, “दोन्ही.” पाय आणि पोर. मग रडायलाच लागली.

त्या दिवशी सर जेवढं बोलले तेवढं मी त्यांना कधी बोलताना ऐकलं नाही. सगळ्यांना खाटेभोवती उभं केलं. म्हणाले, फोटो मांडीचा काढलाय. पोटापर्यंत पोचलं असेल ते नावापुरतं, तेवढ्यानं पोराला काही होत नाही. त्यापायी पोट पाडणं म्हणजे हातानं केलेली चूक. घरी नेऊन बांधलं तर पाय आखूड होईल, आणि दोन-अडीच महिने नुसतं पडून राहिली तर जीवही जाऊ शकतो. मी एक पोरगी अशी घालवलीय. पाचवा-सहावा महिना ऑपरेशनला त्यातल्या त्यात बरा. मणक्यात सुई देऊ, कमरेखालचंच बधिर होईल. हाडात रॉड टाकला की ती आठवड्याभरात कुबड्यांवर उभी राहते. आई धड तर पोर धड.

ठकूबाईनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, “आन पोराला काय झालं तर?”

“तर माझ्याकडं या.”

“यून काय करू?”

सरांना उत्तर देता आलं नाही. पण म्हातारीला तेच पटलं असावं. ती म्हणाली, तुमचं खरं धरते. फक्त एक अडचण. संमतीच्या कागदावर गरोदर असं लिहिलेलं, त्याच्यावर ती अंगठा उठवणार नाही. चोळीच्या आधी ते लिहिणं म्हणजे आपल्या हातानं दृष्ट लावणं. दोन गेलीत, आता तिसऱ्याला ती हे करणार नाही. मी समजावलं, चढ्या आवाजातही समजावलं. म्हातारी ढिम्म हलेना.

सर म्हणाले, मग करा चोरचोळी. इथंच करा. माहेरचं कुणी पाहिजे ना? पोरीचं माहेर घाटाकडचं, मीही कन्नडचा. मी मामा.

मला वाटलं थट्टा करतायत. पण ते ओपीडी अर्ध्यावर टाकून स्वतः छावणीच्या बाजारात गेले आणि चोळीचा खण घेऊन आले. कागद उघडून बघते तर काय, खण काळा! मी ख्रिस्ती, ओटीतलं मला काय कळतंय, पण गरोदर पोरीच्या ओटीत काळा खण जात नाही, एवढं जालन्यात राहून मलाही ठाऊक होतं. सर म्हणाले, दुकानदार म्हणाला टिकाऊ आहे. मी म्हटलं, डोंबल टिकाऊ! प्लास्टर बांधायचंय का त्याचं? मग मी गेले, हिरवा खण, हिरव्या बांगड्या, नारळ, हळकुंड, तांदूळ घेऊन आले.

खाटेभोवती पडदे ओढले. पायाला वजन लटकलेलं, उठून बसता येईना, म्हणून पडल्या पडल्याच ठकूबाईनं तिची ओटी भरली. खण मामांनी द्यायचा, तो सरांनी दिला. डोक्यावर काहीतरी असावं म्हणून ऑपरेशन थिएटरातली टोपी घालून आले होते. मला हसू आवरेना, आणि गिरजाही दोन दिवसांत पहिल्यांदाच हसली. पंधरा मिनिटांत सगळं आटोपलं. मग ठकूबाईनं स्वतःहून अंगठा पुढं केला आणि म्हणाली, आता लिवा काय लिवायचं ते.

ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी झालं. सरांनी गिरजाच्या उजव्या बाजूखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायला लावली, म्हणजे पोट डावीकडं कलतं. सरळ उताणं ठेवलं तर पोटाचं ओझं मोठ्या शिरेवर पडतं आणि पोराला रक्त कमी पोचतं. मला म्हणाले, तुम्हाला आज दुसरं काम नाही. थोड्या थोड्या वेळानं नळी लावायची आणि ठोके मोठ्यानं सांगायचे. हिरव्या कापडाखाली डोकं घालून मी ऐकत होते. वर रॉड ठोकल्याचा आवाज, खाली ते बारीक टकटक. एकदा मला काहीच ऐकू येईना. मी तसं ओरडून सांगितलं. सर थांबले, हातोडी तशीच हातात. म्हणाले, घाई नाही, शोधा. पोर नुसतं सरकलं होतं. जरा खाली नळी नेली तर लागलं. मी आकडा सांगितला तेव्हा सरांनी परत हात चालवला. नंतरचा फोटो शिशाचा एप्रन टाकून काढला.

आठव्या दिवशी गिरजा कुबड्यांवर उभी राहिली. सर म्हणाले, बोटं हलव. शाबासकी-बिबासकी काही नाही. घरी जाताना एवढंच बजावलं, की बाळंतपणाला इथंच यायचं, आणि दर महिन्याला दाखवायला यायचं. ती येत राहिली. प्रत्येक वेळी सर पाय बघायचे आणि मला म्हणायचे, जरा नळी आणा.

पुढं दवाखान्याचा कारभार बदलला, सर कन्नडला जाऊन राहिले, आठवडी बाजाराच्या दिवशी पेशंट बघायचे. गेले तेव्हा मला चौथ्या दिवशी कळलं. मी गेले नाही. त्यांची बायको, मुलं मला धड ओळखतही नव्हती, जाऊन काय सांगणार होते? सर म्हटलं की मला दिसते ती गिरजा बाळंत झाली ती सकाळ.

मुलगी झाली. सुखरूप, रडकी, भरल्या अंगाची. देशमुखबाईंनी तपासून सगळं ठीक म्हणून सांगितलं होतं. मी ओपीडीत निरोप दिला, तर सर हातातलं प्लास्टर तसंच सोबतच्या डॉक्टरकडं देऊन आले. हात धुतले, मूल घेतलं आणि खिडकीशी नेऊन दुपटं सोडलं. हातापायाची बोटं मोजली. दोन्ही पाय सरळ करून जवळ जवळ लावून बघितले. मग डोळ्यांवर तळहाताची सावली धरायची आणि काढायची. उजेड पडला की पोर डोळे मिटे. पुन्हा सावली, पुन्हा उजेड. किती वेळा केलं असेल, मी मोजलं नाही.

ठकूबाई खाटेशेजारून बघत होती. म्हणाली, “डाक्टर, तुम्हीच म्हणले व्हते ना, काय होत नाय म्हनून?”

“व्हय, म्हणलो होतो.”

“मंग आता काय बघता?”

सरांनी दुपटं परत गुंडाळलं. त्यांना ते नीट गुंडाळता येईना, दोनदा सुटलं. म्हणाले, “आत्याबाई, होत नाय हे मला ठाऊक होतं. चार महिने भ्या वाटायचं ते वाटलंच.”

त्यांचे डोळे भरले होते. ठकूबाईनं गिरजाच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. मूल घ्यायला मी हात पुढं केले, तर सर म्हणाले, थांबा जरा. बाहेर ओपीडीची रांग दारापर्यंत आली होती. मी बाहेर आले, मागं दार लोटून घेतलं आणि रांगेतल्या लोकांना सांगितलं, सर कामात आहेत, थोडं थांबावं लागेल.